पंधराचे सतरा करण्याआधी

प्रश्न: माझ्या हॅचबॅक गाडीला कंपनीकडून 185/65 आर15 मापाचे टायर आणि साध्या लोखंडी रिम आलेल्या आहेत. टायर झिजल्यामुळे बदलायचेच आहेत, तर खर्चात थोडी भर घालून 17 इंची अलॉय चाके आणि 205/45 मापाचे लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या बाजूचे, टायर घ्यावेत असे मनात आहे. दुकानदारांच्या मते गाडी रस्त्याला चिकटून चालेल आणि तोटा काहीच होणार नाही. 205/45 मिळाले नाहीत तर 215/55 सुद्धा बसतील, असेही ते म्हणाले. मित्र मात्र सांगतो की मायलेज पडेल आणि स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल. मागच्या सीटवर वडील बसतात आणि त्यांना पाठीचा त्रास आहे. 17 इंची चाके घ्यावीत, 16 इंचांवर थांबावे, की आहे तेच माप ठेवावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. या गाडीला 17 इंची चाके घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी दिसायला वेगळी हवीच असेल तर 16 इंचांवर थांबावे, आणि वडिलांच्या पाठीचा विचार सर्वांत आधी असेल तर 15 इंचांचेच माप कायम ठेवून वाढीव पैसे उत्तम प्रतीच्या टायरांवर घालावेत. दुकानदार आणि मित्र या दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, परंतु ते नेमके किती हे मापांचा हिशेब केल्याशिवाय ठरवता येत नाही.

185/65 आर15 या मापातील 185 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 65 ही त्या रुंदीच्या शेकडेवारीत सांगितलेली टायरच्या बाजूची, म्हणजे साइडवॉलची उंची, आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास असतो. 185 चे 65 टक्के म्हणजे सुमारे 120 मिलिमीटर. ही उंची वरून आणि खालून अशी दोनदा धरून तीत रिमच्या व्यासाचे 381 मिलिमीटर मिळवले की आपल्या सध्याच्या चाकाचा एकूण व्यास 621.5 मिलिमीटर येतो. याच रीतीने मोजल्यास 195/55 आर16 चा व्यास 621 मिलिमीटर, 205/45 आर17 चा सुमारे 616 मिलिमीटर आणि 215/55 आर17 चा तब्बल 668 मिलिमीटर भरतो. पहिली दोन मापे मूळ व्यासाच्या एक टक्क्याच्या आत राहतात. तिसरे माप साडेसात टक्क्यांनी मोठे आहे, आणि ते "बसेल" असे सांगणाऱ्या दुकानदाराने हा हिशेब केलेलाच नाही, हे उघड आहे.

मित्राची स्पीडोमीटरविषयीची शंका या व्यासावर अवलंबून आहे. गाडी आपला वेग चाकाच्या फेऱ्यांवरून मोजते. चाकाचा घेर वाढला तर तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते आणि काटा मात्र जुनाच आकडा दाखवत राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या वाहन नियमानुसार स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालतो, आणि त्यामुळे बहुतेक कंपन्या काटा मुद्दामच किंचित पुढे ठेवतात. समजा, आपल्या गाडीचा काटा 100 वर असताना खरा वेग 97 आहे. 205/45 आर17 घातल्यास तो 96 च्या आसपास येईल, म्हणजे काळजीचे कारण नाही. परंतु 215/55 आर17 घातल्यास काटा 100 वर असताना गाडी 104 च्या वेगाने धावत असेल, आणि चालकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. याखेरीज त्या चाकाची त्रिज्या 23 मिलिमीटरने वाढलेली असल्यामुळे स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा मागे माणसे बसल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याचा धोका आहे, आणि गिअरिंग लांबल्यामुळे, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर जात असल्यामुळे, ती चढावर मंद वाटेल ते वेगळेच. ते माप आपण विचारातूनच काढून टाकावे.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. मोठ्या रिममुळे गाडी जमिनीपासून उंच होते असे पुष्कळ लोक समजतात. उंची वाढते ती चाकाच्या एकूण व्यासामुळे, रिममुळे नव्हे. 205/45 आर17 घातल्यास आपली गाडी उलट अडीच मिलिमीटरने खाली येईल. हा फरक जाणवण्याइतका नाही, पण गाडी उंच होईल या आशेने खर्च करू नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे साइडवॉल. एकूण व्यास तेवढाच ठेवून रिम दोन इंचांनी वाढवली, तर वाढलेली प्रत्येक रेघ टायरच्या उंचीतूनच कापली जाते: 15 इंचाच्या टायरची बाजू 120 मिलिमीटर उंच आहे, 205/45 ची 92 मिलिमीटर. हे आकडे वाचताना एक चतुर्थांश गेले, तीन चतुर्थांश उरले, असे वाटते, पण प्रत्यक्षात तोटा त्याहून मोठा आहे. टायर रिमवर जेथे बसतो तेथून रिमची कड साधारण साडेसतरा मिलिमीटर वर आलेली असते, आणि गाडीच्या वजनाने टायर उभ्या जागीच 20 ते 25 मिलिमीटर दबलेला असतो. ही दोन्ही मापे वजा केली, तर रस्त्यावरचा धक्का आणि रिमची धातूची कड यांच्यामध्ये आपल्या आजच्या चाकात सुमारे 80 मिलिमीटर आणि 17 इंची चाकात सुमारे 52 मिलिमीटर उरतात, आणि त्यातही खुद्द रबराची जाडी आलीच. खड्ड्याच्या धारदार काठावर गाडी वेगाने आदळली की टायर या उरलेल्या अंतरात पूर्ण दबतो आणि साइडवॉल काठ व रिम यांच्यात चिमटली जाते. तिच्या आतले धागे तुटतात, हवेचा दाब तेवढ्या जागी रबराला बाहेर ढकलतो आणि टायरच्या बाजूला फुगा दिसू लागतो. असा टायर दुरुस्त होत नाही, त्याच्यावर ठिगळ चालत नाही, तो काढून टाकावाच लागतो. कारण त्या जागी भार पेलणारे काही उरलेलेच नसते आणि वेगात तो केव्हाही फुटू शकतो. लोखंडी रिम अशा आघाताने वाकते आणि बहुधा ठोकून सरळ करता येते, तर ओतीव अलॉय रिमला तडा जाऊ शकतो.

साइडवॉलचे दुसरे काम वडिलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर मोठे हेलकावे सांभाळतात. रस्त्यातील सांधे, बारीक कडा, खडी, उखडलेले डांबर यांचे लहान आणि तीक्ष्ण धक्के मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी टायरनेच गिळायचे असतात. टायरची बाजू आखूड झाली की हे धक्के थेट सस्पेन्शनच्या जोडांत, तेथून गाडीच्या सांगाड्यात आणि सीटमध्ये शिरतात. मागची सीट मागच्या अॅक्सलच्या जवळ असल्यामुळे तेथे बसणाऱ्याला ते चालकापेक्षा अधिक जाणवतात. गाडीच्या कंपनीने सस्पेन्शनची जुळणी करताना 120 मिलिमीटरची ती रबरी बाजू सस्पेन्शनचाच एक भाग म्हणून धरलेली असते, आणि आपण तिचा तुकडा कापत आहोत हे ध्यानात घेतले, की "तोटा काहीच नाही" या वाक्याचा पोकळपणा लक्षात येईल. चकचकीत फोटोंतील गाड्या नेहमी गुळगुळीत रस्त्यावरच उभ्या असतात, हेही नोंदवून ठेवावे.

दुकानदारांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे असे मी म्हटले, ते रस्त्याला चिकटून चालण्याबद्दल. आखूड बाजूचा टायर वळणावर कमी कलतो, त्यामुळे स्टीअरिंग हलवल्याबरोबर गाडी प्रतिसाद देते आणि हाताला ते आवडते. लो-प्रोफाइल टायर याच गुणासाठी जन्माला आले. 1970 च्या दशकात पिरेली कंपनीने लॅन्शिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी7 हा रुंद आणि बुटका रेडियल टायर विकसित केला आणि पुढे तो वेगवान गाड्यांवर रुळला. परंतु प्रतिसाद जलद होणे आणि पकड वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टायर आणि रस्ता यांचा स्पर्श ज्या पट्ट्यात होतो त्याचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचे वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. रुंद टायरचा पट्टा रुंद आणि आखूड होतो, फार मोठा होत नाही. पकड प्रामुख्याने रबराच्या मिश्रणावर अवलंबून असते, आणि 17 इंची मापांत कंपन्या बहुधा अधिक चांगले मिश्रण वापरतात. माणूस जुने झिजलेले 15 इंची टायर काढून नवे कोरे 17 इंची घालतो, गाडी सुधारल्याचे त्याला जाणवते, आणि श्रेय मापाला दिले जाते. यातील बराचसा फायदा त्याच 15 इंचांत चांगले टायर घेऊनही मिळाला असता. शिवाय पाणी साचलेल्या रस्त्यावर तेवढ्याच वजनाच्या गाडीचा रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगू लागतो, आणि खडबडीत रस्त्यावर कडक चाक उसळून जमिनीचा स्पर्श सोडते, तेव्हा पकड वाढत नाही, कमी होते.

मायलेजबद्दल मित्राचे बरोबर आहे, पण त्याचे कारण व्यास नाही, वजन आणि रुंदी आहे. अलॉय म्हटले की चाक हलके असा समज असतो, आणि त्याच मापाच्या लोखंडी रिमशी तुलना केली तर तो बरेचदा खराही ठरतो. मात्र स्वस्त ओतकामाची 17 इंची अलॉय रिम 15 इंची लोखंडी रिमपेक्षा सहज जड भरू शकते. त्याहून वाईट म्हणजे हे वजन मध्यापासून दूर, कडेला गेलेले असते, त्यामुळे चाकाला वेग द्यायला आणि ब्रेक लावून थांबवायला अधिक जोर लागतो. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने शॉकअब्जॉर्बरलाही ते आवरायला कठीण जाते. रिम निवडताना दुकानात वजनकाट्यावर ठेवायला लावावी. विक्रेता कुरकुरेल, पण चार चाकांत प्रत्येकी दोन-तीन किलोंचा फरक गाडीच्या वागण्यात दिसतो.

दुकानात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे भार-निर्देशांक, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या मूळ मापाच्या टायरवर मापानंतर बहुधा 88एच असे लिहिलेले असते. त्यातील 88 म्हणजे तो टायर 560 किलो पेलतो, आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत चालतो. 205/45 आर17 हे माप साध्या बांधणीत 84 निर्देशांकाचे, म्हणजे 500 किलोंचे असते. एका चाकामागे 60 किलो कमी झाले. तो तुटवडा भरून काढायचा तर एक्सएल, म्हणजे अधिक मजबूत बांधणीचा, 88 निर्देशांकाचा टायर घ्यावा लागतो. मात्र तो घेऊनही काम संपत नाही, कारण साधा 88 चा टायर 560 किलो सुमारे 36 पीएसआय दाबाला पेलतो, तर एक्सएल 88 ला तेच वजन पेलण्यासाठी सुमारे 42 पीएसआय लागतात. म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधला दाब आता उपयोगाचा राहिला नाही. तेवढेच ओझे वाहायचे तर हवा पाच-सहा पीएसआय जास्त भरावी लागेल, आणि आधीच आखूड झालेली टायरची बाजू आणखी कडक होईल. वडिलांच्या पाठीवर ही दुहेरी शिक्षा आहे. आणि जुन्याच दाबावर चालवले तर टायर आतून तापतो आणि खड्ड्यात रिमवर चिमटण्याची शक्यता वाढते.

16 इंचांतही हा सापळा आहे, म्हणून सावध करतो. 195/55 आर16 साध्या बांधणीत 87 निर्देशांकाचा, म्हणजे 545 किलोंचा मिळतो, जो आपल्या मूळ टायरपेक्षा एका पायरीने खाली आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला कंपनी हे माप देत असेल आणि मालकाच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख असेल, तर अॅक्सलवरच्या वजनाचा हिशेब कंपनीने केलेला आहे आणि 87 चालेल. तसे नसेल तर 91 निर्देशांकाचा एक्सएल टायर मागून घ्यावा. खरे पाहता माप निवडण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच आहे: आपल्या मॉडेलच्या सर्वांत महाग श्रेणीला कंपनी कोणते चाक बसवते ते पाहावे आणि त्याच्या पुढे जाऊ नये. मडगार्डमधली जागा, स्टीअरिंगची भूमिती, एबीएस या सर्वांची तपासणी त्या मापावर झालेली असते.

रिमच्या बाबतीत व्यासाइतकेच लक्ष तिच्या रुंदीकडे आणि ऑफसेटकडे द्यावे. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागाला, टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतील अंतर, आणि ते रिमवर ईटी 45 अशा पद्धतीने लिहिलेले असते. समजा, आपली सध्याची रिम 6 इंच रुंद आणि ईटी 45 ची आहे आणि नवी 7 इंच रुंद आणि ईटी 40 ची घेतली. आकडे जवळचेच दिसतात, पण हिशेब केला तर चाकाची बाहेरची कड जवळजवळ 18 मिलिमीटर बाहेर आणि आतली कड सुमारे 8 मिलिमीटर आत सरकते. बाहेरच्या बाजूला मडगार्डची कड घासते, आतल्या बाजूला शॉकअब्जॉर्बरचा दांडा जवळ येतो, आणि चाकाची मध्यरेषा बाहेर गेल्यामुळे रस्त्यातील चाकोऱ्या स्टीअरिंगला हिसके देऊ लागतात. ही अडचण स्पेसर, म्हणजे रिम आणि हब यांच्यामध्ये घालायची चकती, लावून सोडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. स्पेसर चाकाला आणखी बाहेर ढकलतो. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळलेच पाहिजे. रिमच्या मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल तर योग्य मापाची मध्यवर्ती रिंग बसवून घ्यावी, अन्यथा बॅलन्सिंग कितीही नीट केले तरी वेगात स्टीअरिंग थरथरते. नटांच्या टेकण्याचा आकारही पाहावा, कारण काही रिमना शंकूच्या आकाराचे आणि काहींना गोलसर बैठकीचे नट लागतात. चुकीचे नट घट्ट वाटतात आणि पुढे सैल पडतात. रिमच्या आतल्या बाजूला तिची भारक्षमता कोरलेली असते. ती नसेल, तर कितीही देखणी असली तरी ती रिम घेऊ नये.

आता आपल्यापुरता निर्णय. 16 इंचांचे ठरवल्यास 6 किंवा साडेसहा इंच रुंदीची, मूळ ऑफसेटच्या जवळची रिम आणि 195/55 आर16 टायर घ्यावेत. साइडवॉल 107 मिलिमीटर राहील, व्यास बदलणार नाही, आणि दिसण्यातला फरक लांबूनही जाणवेल. वडिलांना किंचित कडकपणा जाणवेल, म्हणून शक्य असल्यास पैसे देण्याआधी त्यांना याच मापाच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून खराब रस्त्यावरून एक फेरी मारून आणावी. त्यांनी तोंड वाकडे केले तर 15 इंच कायम ठेवावे. त्याच मापात हलकी अलॉय रिम घेतली तर दिसण्याची हौसही पुष्कळशी भागते, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत शहाणपणाचा पर्याय हाच आहे.

इतके सांगूनही 17 इंचांचाच आग्रह असेल, तर 205/45 आर17 एक्सएल 88 च्या खाली उतरू नये, हवा दर पंधरवड्याला टायर थंड असताना तपासावी, कारण बुटक्या टायरमधली हवा कमी झालेली डोळ्याला दिसत नाही, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो. गाडीतील टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा चाकाच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधणारी असेल, तर ती नव्या चाकांनंतर पुन्हा शून्यावर आणून शिकवावी लागते.

माप कोणतेही घ्या, दुकानातून निघण्यापूर्वी गाडीत पाच माणसे बसवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवावे आणि घासल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. टायरच्या बाजूवरील चार आकडी तारखेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. ते वाचून जुना साठा गळ्यात पडत नाही ना, याची खात्री करावी. नट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्यावेत आणि पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. अलाइनमेंट करून घ्यावी. जुन्या लोखंडी रिमपैकी एक टायरसह स्टेपनीसाठी राहू द्यावी. 195/55 आर16 आणि 205/45 आर17 या दोन्ही मापांशी टायरसह तिचा एकूण व्यास जुळतो, त्यामुळे पंक्चर झाल्यावर ती बेताच्या वेगाने घरापर्यंत निर्धास्त चालेल, मात्र तिला लागणारे जुने नट गाडीतच ठेवावेत.